सेनापती पुन्हा घोड्यावर

३ जून
जुन्या पुस्तकांच्या दुकानात अखेर ती मिळाली. गाजलेली ऐतिहासिक कादंबरी, जाड पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर अर्धी उडालेली सोनेरी अक्षरं. दुकानदार म्हणाला, पानं तपासून घ्या, परत घेत नाही. म्हटलं, पुस्तकातलं मला शिकवू नका.

बाबांचे डोळे गेल्यात जमा आहेत. ताईकडे दिवसभर खिडकीशी बसून असतात. तरुणपणी वाचलेली ही कादंबरी पुन्हा एकदा ऐकायची फार इच्छा आहे त्यांना. ठरलं तर. ऑफिसातून थेट ताईकडे, रोज तासभर वाचन. खाडा नाही.

४ जून
खाडा. पहिल्याच दिवशी घाई नको.

७ जून, संध्याकाळ
श्रीगणेशा झाला. आवाज खणखणीत लागला. बाबा डोळे मिटून तल्लीन. मीही दोनदा तल्लीन झालो. दुसऱ्यांदा ताईने खांदा हलवला. ऑफिसात ऑडिट चालू आहे. माणूस थकणारच.

१५ जून
मधले दिवस ऑडिटने खाल्ले. ताईचा फोन. म्हणाली, बाबा पाच वाजल्यापासून धुतलेला शर्ट घालून बसतात, येणार नसशील तर निदान कळवत जा. ताईला राईचा पर्वत करायची सवय आहे.

२ जुलै
चिंचेखाली सेनापती मेला. असा वाचला की मलाच भरून आलं. ताई भांडी लावत होती, तिचाही हात थांबला. हे अंगात असावं लागतं.

६ जुलै
आज सेनापती घोड्यावर बसून मोहिमेवर निघाला. बाबांनी विचारलं, हा गेला होता ना रे? समजावलं, फ्लॅशबॅक आहे बाबा, मोठे लेखक असंच करतात. म्हणाले, असेल.

२० जुलै
या आठवड्यात एकही खाडा नाही. आज सोमवार.

लेखकाची शैली आता अंगवळणी पडली आहे. पुढचं वाक्य आधीच ओठांवर येतं. मन लावून वाचल्याचा हा परिणाम.

९ ऑगस्ट
सेनापती पुन्हा मेला. त्याच चिंचेखाली, त्याच वाक्यावर. पान उलटलं तर पुढे थेट पुठ्ठा.

मग सगळं पुस्तक चाळलं. अर्धी कादंबरी दोनदा शिवली आहे, उरलेली अर्धी नाहीच. दुकानदाराला लाखोली वाहिली. बाइंडर आंधळा होता की काय, असंही म्हणून गेलो, आणि जीभ चावली.

बाबा म्हणाले, "तो घोड्यावर बसला तेव्हाच मला कळलं होतं."

मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

"पुस्तक संपलं असतं. तू यायचं बंद केलं असतंस."

ऑडिटचं कारण तयार होतं. तोंडातून निघालं नाही. फार वाईट वाटलं. ताई उगाचच स्वयंपाकघरात गेली.

निघताना बाबा म्हणाले, "उद्या परत पहिल्यापासून घे. या खेपेला झोपू नकोस."

उद्यापासून रोज. काही झालं तरी रोज.

१० ऑगस्ट
पाचला निघणारच होतो. बॅग खांद्याला लावली होती. ऑडिटवाले परत आले, काही कागद पुन्हा बघायचे म्हणून. या वेळी मात्र ताईला फोन करून कळवलं, आज जमेलसं वाटत नाही.

म्हणाली, त्यांनी शर्ट केव्हाच घातलाय.