थर्ड गिअरवरची खाच

बाबा, काल नातीचा फोन आला होता. ती पुण्याला इंजिनिअरिंग शिकते, आणि तिच्या कॉलेजची मुलं शर्यतीसाठी एक छोटी गाडी बांधताहेत. गिअरबॉक्समध्ये किती दात्यांचे गिअर घालायचे, यावर त्यांचं घोडं अडलं आहे. "आजी, तू शाळेत असताना जीपचा थर्ड गिअर निवडला होतास ना, तो कसा निवडलास?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, उद्या सांगते. तेव्हापासून नागभीडचं आपलं गॅरेज डोळ्यांसमोरून हलत नाही. दारातला तो लाकडी ठोकळा, रॉकेलच्या ट्रेमध्ये बुडवलेले पार्ट, आणि पाठमोरे तुम्ही. आपलं सगळं घर तलावातल्या मासोळीवर जगणारं. जाळं सोडून पाना हातात धरणारे तुम्ही एकटेच.

चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटच्या होस्टेलमधून मी उन्हाळ्यात घरी यायची, तेव्हा तुम्ही मला ठोकळ्यावर बसवून दाते मोजायला द्यायचात. पहिल्या दात्याला खडूची खूण करायची आणि तिथून सुरुवात. एकदा मी खूण न करता "चाळीसेक असतील" म्हणाले. तुम्ही पाना खाली ठेवलात. "चाळीसेक म्हणजे किती? गाडी चाळीसेकवर चालते का?" एवढंच बोललात, पण मला दिवसभर तुमच्याकडे बघवलं नाही. आजही मी काहीही मोजताना पहिल्यावर बोट ठेवते.

माझी दहावी झाली त्या वर्षी राइस मिलवाल्या भाऊंनी त्यांची जीप आणून उभी केली. मे महिन्यात तलाव आटला की त्याच्या कोरड्या पात्रात जीपच्या शर्यती व्हायच्या. आदल्या वर्षी शेवटच्या सरळ पट्ट्यावर थर्डमधून टॉप गिअर टाकला की त्यांचं इंजिन झोपायचं, आणि मागची गाडी पुढे निघून जायची. सेकंड आणि टॉप आहेत तेच ठेवून मधला थर्ड बदलायचा, असं तुम्ही ठरवलंत. नागपूरहून थर्ड गिअरच्या दोन नव्या जोड्या कापून आणल्यात. दोन्ही माझ्यासमोर ठेवून म्हणालात, "तुह्या वहीत पाहून सांग बरं, कोणता बसवू?"

सिस्टरांनी शिकवलेल्या चौकटीच्या कागदावर मी दोन दिवस आलेख काढत बसले होते. कोणत्या गिअरात किती वेग, आणि गिअर बदलला की इंजिनचे फेरे किती पडतात. सेकंड ते थर्ड आणि थर्ड ते टॉप या दोन्ही पायऱ्या अगदी सारख्या येतील, असा गिअर मी निवडला. कागदावर तो फार सुंदर दिसत होता. तुम्ही कागद उजेडात धरलात. "पायऱ्या सारख्या आल्या म्हणते?" मी हो म्हटलं. मग तुमचा काळा चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवलात, माझा हात धरून त्या गिअरची बाजू ग्राइंडरला जराशी टेकवलीत. एक छोटी खाच पडली. "खूण राहू दे. हा तुहा."

त्याच आठवड्यात घरात दुसरी गोष्ट ठरत होती. मला अकरावीला नागपूरला, सायन्सला जायचं होतं. मोठेबाबा, तुमचे थोरले भाऊ, म्हणत होते की दहावी झाली, आता पुरे. घरात शब्द त्यांचा चालायचा. तुम्ही जेवताना खाली मान घालून ऐकत होतात. तुम्ही माझ्या बाजूनं एक शब्दही बोलला नाहीत, याचा मला किती राग आला होता.

शर्यतीच्या सकाळी आपण सगळे तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, उभे आहोत. खाली चुन्याच्या रेघा, झेंडे, धुरळा. मिलवाल्या भाऊंची जीप शेवटच्या वळणातून बाहेर पडते, पाळीखालच्या लांब पट्ट्यावर येते, आणि तुम्ही डोळे मिटून घेता. थर्ड. आवाज चढत जातो, चढत जातो. मग टॉप. आवाज थोडा खाली येतो, तुटत नाही, पुन्हा उचलतो. जीप पहिली आली. भाऊ धुळीनं पांढरे होऊन वर आले आणि तुमची पाठ थोपटू लागले. तुम्ही बाजूला सरकलात. मोठेबाबा शेजारीच होते.

"मी नाई, भाऊ. हिसाब पोट्टीचा आहे. म्या नुसते नट कसले."

मोठेबाबांनी माझ्याकडे नव्यानं पाहिल्यासारखं पाहिलं. "मंग धाडा हिले नागपूरले," ते म्हणाले, "नाईतर घरी बसून माह्या जाळ्याचे भोकं मोजत बसन." सगळे हसले. जूनमध्ये मी नागपूरला गेले. निघताना तुम्ही जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेला एक गिअर हातात दिलात. "कागद दाबायले," म्हणालात.

पुढे तीस वर्षं मी गणित शिकवलं. दर वर्षी नव्या वर्गाला ही गोष्ट सांगितली, विशेषतः मागच्या बाकांवरच्या मुलींकडे बघून. माझी नोकरी नवी होती तेव्हा एका सुट्टीत त्या गिअरचा गंज रॉकेलनं काढत होते. मागच्या बाजूला खाच निघाली. दात्यांवर कापतानाच्या बारीक रेघा जशाच्या तशा होत्या. चाललेला दाता गुळगुळीत होतो, हे तुम्हीच शिकवलं होतं. हा एक दिवसही चालला नव्हता. तुम्ही दुसरा बसवला होता, टॉपला जवळचा. पाळीखाली तलाव सगळ्यात खोल, तिथे गाळ जाड. वरून वाळला तरी आतून चाक धरतो. त्यात वेग वाढलेला, समोरून वारा. तिथे वरची पायरी लहानच हवी. त्या गाळात तुमचं लहानपण गेलं होतं. माझ्या कागदावर गाळ नव्हता.

बाबा, तेव्हा तुम्ही होतात. त्या दिवाळीला मी विचारायचं ठरवूनच घरी आले होते. लपवायचंच असतं तर तुम्ही तो गिअर भंगारात टाकला असता, माझ्या हातात दिला नसता, असंही मनात होतं. तुम्ही दारात बशीनं चहा पीत होतात. मी शेजारी बसले आणि गुडघे कसे आहेत, तेवढं विचारलं. दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

आज सकाळी नातीला फोन केला. गाडी कुठल्या जमिनीवर धावणार आहे ते आधी जाऊन पाहा, आणि थर्ड टॉपच्या जवळ ठेवा, असं सांगितलं. "वा आजी, तू तेव्हाच एवढा विचार केला होतास?" ती म्हणाली.

हे पत्र कुठे धाडणार? गिअरखाली ठेवते आहे. मी तिला हो म्हणाले, बाबा.