कडेगाव बॅचचं मोटिव्हेशन

२ फेब्रुवारी, सोमवार. कडेगाव.
सर्पदंश प्रथमोपचार प्रशिक्षण, दिवस पहिला. बावीस प्रौढ, बहुतेक उसाच्या रानात राबणारे. असल्यांपुढे माझ्यासारखा माणूस म्हणजे वायाच. (प्रौढ शिक्षणशास्त्राचा ऑनलाइन कोर्स, ९१ टक्के.) तरी टाय लावून गेलो.
सिद्धांत सांगतो, प्रौढाला आधी 'का शिकायचं' ते पटलं पाहिजे. तीन तास पटवलं. हरणाबाई नावाच्या म्हातारीनं मध्येच विचारलं, "आवं सर, साप चावल्यावर पयलं काय करायचं?" म्हणालो, ते पाचव्या दिवशी. आधी तुम्हाला हे का शिकायचंय, ते मनात शोधा. तर म्हणाली, "मरू न्हाई म्हणून." सगळे हसले. किती उथळ उत्तर!
सात जण झोपले. उन्हाचा परिणाम.

३ फेब्रुवारी.
सतराच आले. या लोकांना आतून प्रेरणाच नाही. म्हणून बाहेरून दिली: बरोबर उत्तराला सोनेरी स्टिकर. लालासाहेब नावाच्या रिटायर्ड सुभेदारानं स्टिकर परत केला. "ऱ्हाऊ द्या सर. छातीला लावायला फौजेनं दिलंय मला." नुसता अहंकार. असा माणूस काय शिकणार?
चहाची सुट्टी पंधरा मिनिटांची, घेतली पन्नास. बाहेर पाहिलं तर लालासाहेब एकाच्या पायाला फळी बांधून दाखवतायत आणि बाकीचे घोळका करून बघतायत. शिस्त शून्य.
निश्चय: उद्यापासून चहा बंद.

४ फेब्रुवारी.
चहा बंद. आले नऊ. दहाव्या स्लाइडला उरले चार. बाकी सगळे लिंबाखाली, लालासाहेबांपाशी. संयोजक आम्रपालीताई म्हणाल्या, "सर, लोक तिकडं शिकायला लागलेत. तुमीबी या की." त्यांना समजावलं, याला स्वयंप्रेरित अध्ययन म्हणतात आणि ते माझ्यामुळेच घडलंय. त्या मान हलवून लिंबाकडं गेल्या. पटलं असणार.

६ फेब्रुवारी. दवाखाना, खाट नंबर चार.
काल लिहिता आलं नाही. हॉलमागच्या उसाच्या कडेनं फोनवर बोलत चाललो होतो. घोट्याला काहीतरी डसलं. साप सरकताना दिसला. माझ्याकडे बेचाळीस स्लाइड. एकही आठवली नाही.
ओरडत पळालो. टाय सोडून पिंढरीला आवळला. तेवढ्यात हरणाबाईनं दंड धरून खाली बसवलं. "पळू नगा सर, इख चढतंय." टाय सोडायला लागली. मी सोडू देईना. तेव्हा म्हणाली, "माझ्या थोरल्या ल्येकाचा पाय असाच आवळला हुता आमी. काळा पडला. कापाय लागला. आता कुणाला बांधू द्यायची न्हाई."
पहिल्या दिवशी तिनं का विचारलं होतं, ते मला काल कळलं.
लालासाहेबांनी फळी बांधली, चौघांनी उचलून जीपमध्ये घातलं. "मी मरतो का?" असं मी वाटेत अकरा वेळा विचारलं म्हणे. म्हातारी दर वेळी म्हणाली, "न्हाई वं." रडलो, ते इथंच राहू दे.
आज डॉक्टर म्हणाले, साप बिनविषारी असावा. मला निदान घोणस तरी वाटली होती. फळी मात्र झकास बांधली होती म्हणाले, कुणी शिकवलं? मी म्हणालो, ट्रेनर मीच.
हरणाबाई शेजारीच बसली होती. तिनं माझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

९ फेब्रुवारी. घरी, मलकापूर.
आम्रपालीताईंचा फोन. पुढच्या सोमवारी आटपाडीला नवी बॅच. त्यांनी काही बोलायच्या आधीच मी सांगून टाकलं की पद्धत सुधारलीय, सहा स्लाइड कमी केल्यात. त्या म्हणाल्या, शिकवायला लालासाहेब आन हरणाबाई हायेत. लोकांनी त्यांचीच नावं दिलीत.
मग मी कशाला?
"पेशंट म्हणून, सर. फळी बांधून दाखवायला कुणीतरी लागतंय. बोलायचं काय न्हाई. निस्तं पडून ऱ्हायचं."
विचार करून कळवतो, असं ताठ आवाजात सांगणार होतो. तोंडातून निघालं, "किती वाजता येऊ?"