माझा सम्राट रेगॅलिअनस

३ मार्च
आजपासून रोजनिशी. रागावर उपाय म्हणून डॉक्टरांनी सांगितली. मला राग येत नाही, पण डॉक्टरांशी कोण वाद घालणार. अर्धा तास घातला.

आज नाणेप्रेमी मंडळात अपमान. अध्यक्ष डेंटिस्ट आहे. माझी तिन्ही रोमन नाणी एका नजरेत बाद केली. म्हणाला, हल्लीची ओतीव आहेत, कडेला कानस फिरवल्याच्या खुणा दिसतात. मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. खोटं काय ते मला कळत नाही होय? दात उपटणाऱ्यानं मला शिकवावं.

५ मार्च
बायकोकडे तिच्या वडिलांचं एक रोमन नाणं आहे. सासरे जहाजावर इलेक्ट्रिशियन होते, कुठल्याशा बंदरात घेतलेलं. जन्मभर खिशात ठेवून अंगठ्यानं चोळलं. ही लहानपणी इंजेक्शनला घाबरली की हिच्या मुठीत द्यायचे. आता ते नाहीत, नाणं कपाटात. मागितलं. दिलं, पण अट घालून: बघायचं, घासायचं नाही. वर वचन घेतलं, तेही दोनदा. सख्ख्या नवऱ्यावर इतका अविश्वास.

६ मार्च
भिंगातून पाहिलं. किरणांचा मुकुट, दाढी, नाकाचा पत्ता नाही. रोमन लोक महा आळशी. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, यू च्या जागी व्ही लिहितात, निम्मं नाव गिळतात. असल्यांनी जग जिंकलं म्हणे. वाचता आलं ते इतकंच: जी ए एल, मग सपाट, मग एन व्ही एस, शेवटी ए व्ही जी. ए व्ही जी म्हणजे ऑगस्टस. खुर्चीतून उठलोच. मग पुस्तकात पाहिलं तर ती नुसती पदवी, झाडून सगळे सम्राट लावतात. मग लिहिता कशाला?

८ मार्च
डेंटिस्टला फोटो पाठवला. लगेच उत्तर: सम्राट गॅलिएनस. त्याची नाणी पोत्यानं सापडतात, पण तुमच्या नाण्यावर चांदीचा पातळ मुलामा अजून टिकलाय, हात लावू नका. न विचारता सल्ला. घरीदारी एकच रेकॉर्ड.

९ मार्च
सापडला. रेगॅलिअनस. बंड करून सम्राट झाला, काही महिन्यांत मारला गेला. नाणी अतिशय दुर्मिळ. नावात तेच जी ए एल, तेच एन व्ही एस, फक्त सुरुवातीला आर ई. आणि माझ्या नाण्यावर जी च्या आधी काहीतरी आहे. मला स्पष्ट दिसतंय. बायकोला दाखवलं. म्हणाली, तो ओरखडा आहे, बाबांच्या किल्ल्यांचा. म्हटलं, तुझा चष्मा बदल.

१० मार्च
मंडळाला कळवलं, रविवारी माझं व्याख्यान. विषय: 'तज्ज्ञांना न दिसलेला सम्राट'. डेंटिस्टला पहिल्या रांगेत बसवणार. संकल्प: शांत राहायचं. नाणं घासायचं नाही. वचन म्हणजे वचन.

१२ मार्च
डेंटिस्टचा फोन. म्हणे उजेड बाजूनं तिरका पाडा, झिजलेली अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. पाडला. आर ई गायब. दिवा बंद केला, परत दिसले. दिवाच खराब. दुकानदाराशी भांडून आलो. बदलून देत नाही म्हणतो. चोर.

१४ मार्च, दुपार
बायको बहिणीकडे गेली आहे. घासायचं नाही असं ठरलंय. भिजवण्याबद्दल काहीही ठरलेलं नाही. जे कलमात नाही ते बंधनकारक नाही, हे मी ऑफिसात रोज लोकांना सांगतो. व्हिनेगर.

१४ मार्च, जरा वेळानं
पाणी हिरवं झालं. उत्तम लक्षण. आता मऊ ब्रश. मऊ ब्रशला घासणं म्हणत नाहीत, पुसणं म्हणतात.

१४ मार्च, संध्याकाळ
नाणं लालभडक. नव्या तांब्याच्या तारेसारखं. आर ई नाही. ते एक वेळ ठीक. पण जी ए एल पण नाही. मुकुट नाही, दाढी नाही. व्हिनेगरवाल्यांना खरमरीत पत्र लिहिणार. नाण्यांसाठी वापरू नये असं बाटलीवर कुठेही छापलेलं नाही.

१६ मार्च, रविवार
व्याख्यान झालं. नंतर डेंटिस्टनं नाणं मागून घेतलं, खिडकीशी नेलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाला, आता हे कोणाचंही असू शकतं. मी म्हटलं, म्हणजे रेगॅलिअनसचंही. हसला असता तर त्याला तिथंच झापला असता. हसला नाही. नुसतं विचारलं, घरी सांगितलंत का. माझ्या घराशी याला काय करायचंय?

१७ मार्च
नाणं परत दिलं. तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं डोळे मिटून अंगठा फिरवला. म्हणाली, हे नाही, माझं द्या. सांगितलं, तेच आहे. तिनं पुन्हा अंगठा फिरवला. म्हणाली, हे मंडळातलं कुणाचं तरी चुकून आलंय, बाबांचं मला अंधारातही कळतं. भांडेल असं वाटलं होतं, मी उत्तरं तयार ठेवली होती. भांडली नाही. उलट मलाच म्हणाली, घाबरू नका, इथेच कुठेतरी पडलं असेल, नाहीतर उद्या मी डेंटिस्टना विचारून येते.

टेबलाचा खण उपसला. कोटाचे खिसे उलटे केले. राग कुणावर काढायचा ते सुचेना. मग ती गुडघ्यांवर बसून पलंगाखाली पाहायला लागली. मी टॉर्च धरला होता. म्हणाली, जरा तिरका धरा, म्हणजे दिसेल.

धरला.