गुरुवारचा उपास आणि मेसचं पातेलं

६ जाने. ९४, गुरु.
ह्यांच्या मिलचं कुलूप आहे तसंच. हे आजही आंघोळ करून फाटकावर गेले. तिथे करतात काय, तर चारचौघांत उभे राहतात. सियागंजात एका दुकानाला हिशेबाला माणूस हवा होता, तिकडे फिरकले नाहीत. म्हणे मिल उघडली की टाइम ऑफिसात हजेरी लिहायला आधी मलाच बोलावतील. मिल उघडावी म्हणून गुरुवार बोललेत दत्ताला. बोलले हे, उपास मात्र माझा!

१० जाने., सोम.
महू रोडवर मुलींच्या मेसला बाई हवी आहे. गेले. मेसवाल्या चौहानजींनी शेगडीवरचं वरणाचं पातेलं दाखवलं. "भाभीजी, अकेले उतार लोगी तो काम आपका." जेमतेम हललं. सत्तेचाळिसाव्या वर्षी चांगलं हसू करून घेतलं. "महीने भर बाद देख लेंगे," म्हणाले. बघाच म्हणावं.
परतताना शेजारी सुमनताईंकडे. शाळेत खेळाच्या बाई होत्या. म्हणाल्या, ताकद यायला आठवड्यातून दोनदा पुरे, पण चुकवायचं नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला रेटणं, जमिनीवरून वजन उचलणं. बस्स. तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू, हळूहळू वाढवायची.
दिवस ठरवले सोम. आणि गुरु. दोन्ही उपासाचे. स्वयंपाक थोडका, म्हणजे सवड. खूश आहे स्वतःवर.

२० जाने., गुरु.
मांड्या अशा भरून आल्यात की जिना उतरवत नाही. हे पेपरातून डोकं वर काढून, "कुस्तीची दंगल लढवायची आहे का लालबागला?" जिवाला स्वस्थता म्हणून नाही. काही उचललं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण...

२७ जाने., गुरु.
डबा उचलता उचलता डोळ्यांपुढे अंधारी. खालीच बसले. वन्सं आलेल्या, त्यांनी लगेच बेंबी सरकली ठरवून पोटाला तेल चोळलं. "बायकांच्या जातीला हे धंदे कशाला?"
सुमनताई आल्या.
"सकाळपासून काय खाल्लंस?"
"चहा. थोडा साबुदाणा."
"आणि दूध?"
"ह्यांना दिलं."
अशा तडकल्या! "अगं, रिकाम्या पोटी वाळू उचलतेस आणि ताकद वाढायची वाट बघतेस? या वयात डाळ, उसळ, दूध जास्तच लागतं. पागल है क्या तू?"
खरंच की. उपासाचेच दिवस हुडकून काढले मी. वर शहाणपण मिरवत होते.

१ फेब्रु., मंगळ.
डबा उचलायचा आता मंगळ. आणि शुक्र. सोमवारचा उपासच सोडला, तो माझा होता. गुरुवारला हात लावला नाही. दुधाचा पेला ओट्याशी उभी राहून प्यायले, चोरटीसारखी. राग आला स्वतःचा. शुक्रवारी बसून पिणार.

११ फेब्रु., शुक्र.
डबा काठोकाठ. उचलला! छातीपर्यंत आणला, सावकाश ठेवला. सुमनताईंनी पाठीत धपाटा घातला.
संध्याकाळी चौहानजींचा निरोप. येत्या गुरुवारी सकाळी या, दुसरी एक बाईही येणार आहे. फोन करून विचारलं, शुक्रवार चालेल का. "नहीं भाभीजी, उसी दिन तय होगा."
नेमका गुरुवार.

१६ फेब्रु., बुध.
ह्यांना सांगितलं, उद्या जेवून जाणार.
"इतके गुरुवार केलेस आणि आता मोडतेस? मिल उघडायच्या बेतात आहे."
कोण म्हणालं, विचारलं. फाटकावर सगळे म्हणतात. संताप संताप झाला. पातेलं काय फाटकावरचे उतरवणार?
तरी मनात भीती आहेच. देवाचं आहे.

१७ फेब्रु., गुरु.
मुगाचं घट्ट वरण, भात, दूध. पान घेऊन बसले. हे समोर येऊन बसले, नुसतेच. पहिला घास घेतला तेव्हा म्हणाले, "म्हणजे तुझ्या मते मिल उघडत नाही आता."
या घरात हे वाक्य आजवर कुणी काढलं नव्हतं.
"नाही उघडणार," मी म्हटलं. आणि आणखी भात वाढून घेतला.
हे उठले नाहीत. मी खात राहिले, त्यांच्याकडे न बघता, पोट भरेपर्यंत.
बस साडेनवाची. निघते.