लोकरीचं मीठ

२ जानेवारी, सकाळ
नात केमिस्ट्रीत नापास. शंभरात एकवीस. आमच्या घराण्यात पहिलीच. (मुलगा सातवीत राहिला होता, पण तेव्हा त्याला गोवर होता.) शाळा म्हणते, अणू एकमेकांना कसे जोडले जातात याचं मॉडेल करा. चांगलं झालं तर पास, नाहीतर त्याच वर्गात पुन्हा एक वर्ष. नात रडते आहे. सून पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये केमिस्ट. म्हणाली, मी बघते. मी म्हटलं, तू तुझ्या बाटल्या बघ. इथे कॉन्व्हेंटचा पाया लागतो.

३ जानेवारी
पुस्तक वाचलं. सगळं समजलं. म्हणजे पहिली दोन पानं. केमिस्ट्री म्हणजे सोयरीक जमवणं, बाकी काही नाही. सोडियमला स्वतःचा एक इलेक्ट्रॉन सांभाळवत नाही, क्लोरीनला एक कमी पडतो. त्याने दिला, तिने घेतला, मीठ तयार. निऑन मात्र कुणाशीच जोडला जात नाही. स्वतःत पूर्ण. नातीला म्हटलं, ही मी. ती म्हणाली, पण आजी, निऑन कशालाच रिअ‍ॅक्ट होत नाही. मी म्हटलं, मग मी तरी कुठे रिअ‍ॅक्ट होते? मुलाला उगाच ठसका लागला.

५ जानेवारी
आज नावं. लग्नानंतर सोडियमचं नाव सोडियमच, क्लोरीनचं मात्र क्लोराइड. म्हणजे इथेही नाव बाईनेच बदलायचं! सून म्हणाली, आई, अणूंमध्ये बाई-पुरुष नसतं. जिने स्वतः माहेरचं आडनाव सोडलं नाही, तिने यात तोंड घालू नये.
मग फेरस, फेरिक घडाघडा म्हणून दाखवलं. आमच्या सिस्टरांनी पट्टीच्या धाकाने पाठ करून घेतलेलं. नात म्हणे, आता आयर्न टू, आयर्न थ्री म्हणतात. लोखंड काय शाळेत जातं?

८ जानेवारी
मॉडेल तयार. सोडियम पिवळ्या लोकरीचा गोंडा, क्लोरीन हिरव्या लोकरीचा. मधे विणायची सुई. सुरेख जोडी. सून म्हणाली, आई, मिठात अशी जोडी नसते. एका सोडियमभोवती सहा क्लोराइड, एका क्लोराइडभोवती सहा सोडियम. कोण कुणाचं, सांगता येत नाही.
वयात आलेल्या मुलीसमोर असलं बोलते! मी बजावलं, माझ्या घरात जोडी म्हणजे जोडी. मॉडेल शाळेत पाठवलं.

९ जानेवारी, संध्याकाळ
मॉडेल परत. सुई टोकदार म्हणून असणार. नात म्हणते, तसं नाही, बाईंनीही आईसारखंच सांगितलं. सोमवारपर्यंत शेवटची संधी. नात जेवली नाही. मीही नाही. मला भूक नव्हती.

११ जानेवारी
मायलेकींनी जेवणाचं टेबल बळकावलं आहे. जिकडे तिकडे गोंडे आणि टूथपिक. मला कुणी विचारत नाही. निऑनला काय फरक पडतो! तहान फार लागल्यामुळे तिथून बरेचदा जावं लागलं.

दुपार
पिवळी लोकर संपली. दुकानात ती छटा नाही. नात माझ्या दारात नुसती उभी राहिली. त्याच लोकरीचं, मी विणायला घेतलेलं माझं पिवळं कार्डिगन एका बाहीवर अडलं होतं. उसवलं. काखेत घट्ट होणारच होतं.

१९ जानेवारी
नात पास! मॉडेलला पैकीच्या पैकी. शाळेच्या दारातच काचेच्या कपाटात ठेवलं आहे म्हणे. सकाळपासून तीन जणींना फोन करून सांगितलं की मी करून घेतलं. उद्या शेजारणीला दाखवायला नेणार. तिचा नातू गणितात हुशार, असं ती फार ऐकवते.

२० जानेवारी
गेलो. काचेच्या आत भला मोठा ठोकळा, पिवळा, हिरवा, पिवळा, हिरवा. खालच्या पुठ्ठ्यावर नातीचं अक्षर. शेजारणीने चष्मा लावून, शिपायालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचलं: मिठाचा स्फटिक. मार्गदर्शन: आई. साहित्य: आजी.
मी तिला सांगितलं, साहित्याशिवाय जगात काहीच होत नाही. ती हो म्हणाली. फार लवकर म्हणाली.
येताना थंडी वाजत होती. म्हणजे, तिला.