मिरी जास्त झालेले पापड

सिलवासा,
ता. १६ जानेवारी १९९६

ती. प्रमिलावन्संना रजनीचा नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. दापोलीला थंडी कशी आहे आणि आईंचे गुडघे काय म्हणतात ते कळवा. यांचा खोकला जातो जातो म्हणतो आणि परत येतो. तुमचं पत्र पोचलं. मे महिन्यात पाठवलेल्या उडदाच्या पापडांत मिरी फार पडली आणि आईंनी त्यांना हातही लावला नाही, असं तुम्ही दुसऱ्यांदा लिहिलंत. बरं बाई, पडली. माझाच हात सैल झाला असेल. पुढच्या वेळी जपेन.

आता इकडची बातमी. संक्रांतीला दरवर्षी माझ्याकडे हळदीकुंकू असतं, सगळ्या क्वार्टर्सच्या बायका जिन्यापर्यंत उभ्या असतात, हे तुम्ही स्वतः एकदा पाहिलंय. यंदा वाणाला वापीहून चहाच्या स्टीलच्या गाळण्या आणल्या. चंद्रकळा नेसले, अत्तरदाणी घासली, तीळगूळ, ऊस, बोरं सगळं मांडून बसले. आणि बसलेच. कोणी फिरकलं नाही. घरातली वैशालीसुद्धा दुपारपासून बाहेर.

दिवेलागणीला खालच्या मजल्यावरची भास्करांची बायको आली. कपाळावर आधीच ठसठशीत कुंकू. म्हणते, ‘अहो, आम्ही सगळ्या नाक्यावर होतो. तुमच्या वैशालीनं काय हळदीकुंकू केलं म्हणून सांगू.’ माझ्या घरात, माझ्या पाटावर बसून, माझ्याच जावेचं कौतुक मला ऐकवून गेली. गाळणी घेऊन गेली ती वेगळीच.

झालं असं. गलोंड्याच्या रस्त्याला एक कारखाना आहे, त्याचं धुराडं गेल्या वर्षी उभं राहिलं. त्याची काजळी पडते असं लोक म्हणतात. तुमची लाडकी धाकटी भावजय चाळीतल्या कामगारांच्या मुलांच्या शिकवण्या घेते, त्यात भिमाबाईची सोनी म्हणून एक पोर आहे. ती खोकून खोकून पाढे पुरे करू शकत नाही, एवढं निमित्त झालं. वैशालीनं चाळीतल्या आणि क्वार्टर्सच्या बायका गोळा केल्या, वापीच्या रस्त्यावर नाक्याला भर दुपारी सतरंजी अंथरली आणि मधोमध हळदीकुंकू मांडलं. ट्रक, बसगाड्या, कारखान्यांचे टेंपो सगळे जागच्या जागी. पोलीस आले. पण हातात कुंकवाचा करंडा घेतलेल्या बाईला दंडाला धरून उठवणार कोण? हवालदारानं तीळगूळ खाल्ला आणि बाजूला उभा राहिला. ड्रायव्हरांनाही वाटला म्हणे. डोकं आहे तिला, ते मी कधी नाकारलं नाही.

गावात आता दोन तट आहेत. गिरणीवर पटेलभाई म्हणाले, ‘धुमाडो तो खराब छे, बेन, पण रस्तो केम रोकवानो?’ खेरडीची भाजीवाली म्हणते, वांग्यांवर काळं बसतं, बायका बसल्या ते बरं केलं, आणि त्याच दमात म्हणते की माझी टोपली टेंपोत अडकून सुकली, त्याचं काय. भिमाबाईचा नवरा सुकदेव त्याच गर्दीत अडकला आणि त्याची कामाची पाळी चुकली. तो सगळ्यांदेखत बायकोवर खेकसला. यांच्या ऑफिसातले साहेब म्हणतात, अर्ज द्यावा, रस्ता कशाला अडवावा. मत नाही असा माणूस सिलवाशात उरलेला नाही. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की हळदीकुंकू घरात करतात.

आणि आमचे हे. जेवताना भात कालवत म्हणाले, ‘काही म्हण, पोरीत दम आहे.’ लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यात काही आहे असं या माणसाला कधी वाटलं नाही. मी आमटी वाढली.

पण वन्सं, हे पत्र माझ्या रुसव्यासाठी नाही. हर्षलभावोजी त्याच कारखान्यात सुपरवायझर आहेत. मॅनेजरनं त्यांना बोलावून सांगितलं, की तुमच्या घरची बाई पुन्हा रस्त्यावर दिसली तर तुम्ही कामावर येऊ नका. भावोजी वैशालीला काही बोलत नाहीत, बोलायचेही नाहीत. रथसप्तमीला पुन्हा बसायचं ठरलंय. तेव्हा आईंच्या नावानं तुम्ही वैशालीला चार ओळी लिहा. आईंचा शब्द ती मोडणार नाही. माझं नाव मध्ये येऊ देऊ नका. मी हे फक्त भावोजींच्या नोकरीसाठी लिहितेय.

आपल्या घरची थोरली सून,
रजनी


सिलवासा,
ता. २५ जानेवारी १९९६

ती. प्रमिलावन्संना रजनीचा नमस्कार.

तुमचं पत्र वैशालीला मिळालं. इतक्या तातडीनं लिहिलंत, उपकार झाले. तिनं ओट्याशी उभ्या उभ्या वाचलं, घडी करून देवाजवळ ठेवलं आणि परातीत पीठ घेतलं. मला वाटलं होतं रडेल, निदान एखादा शब्द तरी बोलेल. ‘आईंनी नको म्हटलंय, वहिनी, मी नाही जाणार,’ एवढंच म्हणाली. आणि त्या दिवशी तिच्या पोळ्या नेहमीपेक्षा पातळ झाल्या. माझ्या हातून असं काही झालं असतं तर मी पोळ्या करपवल्या असत्या. ती मेली रागातसुद्धा नीटनेटकी.

मला बरं वाटायला हवं होतं. घर मात्र सुतकात असल्यासारखं झालंय. हे जेवताना मान वर करत नाहीत. इथल्या एका गुजराती पेपरात तिचा फोटो आला होता, तो यांनी कपाटाच्या दाराला आतून लावलाय. माझं लुगडं काढायला दार उघडलं की तीच समोर. पदर खोचलेला, हातात करंडा. फोटो बरा आलाय, नाक जरा मोठं दिसतं.

गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की हल्ली मला तिचंच बोलणं आठवतं. मे महिन्यात पापड वाळत होते तेव्हा तिनं एकावर बोट फिरवून मला दाखवलं होतं, काहीतरी बोलली होती. मी तिला गप्प केलं. जाऊ दे ते.

काल भिमाबाई आली होती. दारातच उभी राहिली. धुळ्याकडची बाई, आवाज खणखणीत. म्हणाली, ‘वैशालीताई येत नाही म्हणे. मग परवा ताट कोन धरीन? चाळीतल्या बाया एकट्या बसल्या तर पोलीस उचलून गाडीत टाकतील ना. क्वार्टरची एक तरी बाई पुढं पायजे.’ सुकदेवनं बसायचं नाही म्हणून सांगितलंय, तरी ती बसणार आहे. पोरगी तिची, नवऱ्याची एकट्याची नाही, असं म्हणते.

आत वैशाली भांडी लावत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. मी मोठ्यानं म्हटलं, ‘मी धरीन ताट.’

का म्हटलं ते मला विचारू नका. भांड्यांचा आवाज थांबला, तो मला फार गोड लागला. यांना अजून सांगितलेलं नाही. मला कोणी मनाई केलेली नाही, आईंनी तर नाहीच, कारण माझ्याकडून असं काही होईल असं कोणाच्या मनातही आलं नाही.

रजनी


सिलवासा,
ता. ३० जानेवारी १९९६

ती. प्रमिलावन्संना रजनीचा नमस्कार.

तुम्ही चिडाल. चिडा, पण शेवटपर्यंत वाचा.

रथसप्तमीला मी चंद्रकळा नेसले, नथ घातली आणि उरलेल्या गाळण्या पिशवीत भरल्या. बायकांच्या हातावर ठेवायला तीळगूळ पुरणार नाही असं वाटलं, म्हणून मे महिन्यातल्या पापडांचा डबाही घेतला. वैशालीनं न सांगता शेगडी आणि कोळसे काढून दारात ठेवले होते. मी उचलले. थँक्यू म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही.

सतरंजीवर मधोमध बसले. खरं सांगते, इतक्या बायका माझ्याकडे बघतायत, गाड्या माझ्यासमोर थांबल्यायत, मला भारी वाटलं. फार भारी वाटलं. आणि तेवढ्यात भिमाबाई प्रत्येकीला सांगायला लागली, ‘ह्या वैशालीताईच्या जाऊ.’ हवालदाराला तेच. ड्रायव्हरांना तेच. एक म्हातारी माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, ‘जावेची जागा राखली गं बाई.’ मी सगळ्या रस्त्याचं हळदीकुंकू करत होते आणि माझं नावसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं.

मग एक रिक्षा थांबली. आत एक बाई, पायाशी बॅग. ती ओरडली नाही. म्हणाली, ‘माझी आई गेलीय. वापीची गाडी चुकली तर मी उद्याच्या तेराव्यालाही पोचत नाही. तुमच्या मुलांना खोकला आहे, पण माझं काय?’ मी उठले, सतरंजीचं टोक दुमडलं आणि तिच्या रिक्षापुरती वाट केली. भिमाबाईला ते आवडलं नाही. म्हणाली, ‘एकाला सोडलं का समदे मागतात, ताई.’ तसंच झालं. मागचे भोंगे वाजवायला लागले, एकानं आईवरून शिवी दिली. त्या रिक्षातल्या बाईला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सापडलेलं नाही. पटेलभाई म्हणतात तेही मला खोटं वाटत नाही. आणि सोनी माझ्या मांडीला टेकून खोकत होती, तेही खोटं नव्हतं.

अडकलेल्यांत कारखान्याच्या मॅनेजरची गाडी होती. तो उतरला, हात जोडून आला, हिंदीत गोड गोड बोलायला लागला. चार माणसं बघतायत म्हटल्यावर आमच्यात बसलासुद्धा. मी शेगडीवर पापड भाजून त्याला दिला. त्यानं तोडून तोंडात टाकला आणि म्हणाला, ‘वा बहनजी, काली मिर्च अच्छी डाली है. थोडी ज्यादा है.’

वन्सं, मी आईंच्या पापडांत मिरी घालत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून घातलेली नाही. त्यांना सोसत नाही हे मला माहीत नाही का? वैशालीनं मे महिन्यात बोट काळं करून दाखवलं होतं, ‘वहिनी, ही काजळी आहे, हे दापोलीला पाठवू नका.’ तिचं खरं होतं ते मला तिथेच दिसलं. पण तिच्या तोंडून आलं म्हणून मी म्हटलं, मिरी आहे, तुला कळत नाही. तेच पापड मी बांधून पाठवले. सासूच्या पोटाची पर्वा नाही असं नाव घेतलं, दोन पत्रांत बोलणी खाल्ली, पण तिचं खरं होऊ दिलं नाही.

त्या रस्त्यावर मात्र माझ्या तोंडून निघालंच. ‘मिरी नाही साहेब. तुमच्या धुराड्याची काजळी आहे.’ त्याचा घास तोंडात तसाच राहिला, थुंकताही येईना आणि गिळताही येईना. आधी भिमाबाई हसली, मग ड्रायव्हर हसले, मग शिवी देणारा तोही हसला. मॅनेजर घास गिळून उठला. जाताना त्यानं विचारलं, ‘आप किसके घर से?’ मी ताठ मानेनं सांगितलं, ‘हर्षल की भाभी.’ एकदा तरी कोणीतरी मला विचारलं होतं ना, मी कोण म्हणून. पुढचं त्या क्षणी सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी भावोजींना फाटकावरून परत पाठवलं.

ज्या नोकरीसाठी म्हणून मी तुमच्याकडून ते पत्र लिहून घेतलं, ती मीच घालवली. वैशाली घरात बसली होती, शब्द पाळून. यांनाही साहेबांनी बोलावलंय, बदलीचं बोलतायत. धुराड्याला जाळी बसवणार असं मॅनेजर सांगत फिरतोय. अर्ध्या गावाला ते खरं वाटतं.

मी घरी आले तेव्हा वैशाली दारात होती. तिच्यापर्यंत सगळं आधीच पोचलं होतं. म्हणाली, ‘वहिनी, मिरी नव्हती ना?’ मी नाही म्हटलं. ती हसली आणि मला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी भावोजी परत आले तेव्हाही ती मला एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर मी तिला माफ केलं असतं. हेसुद्धा तिनं माझ्यापेक्षा चांगलं केलं, वन्सं. माझा जळफळाट कमी झाला असं समजू नका.

आता एक करा. आईंना सांगा, मिरी नव्हती, आणि ते पापड टाकून द्या. त्या आधीच्या पत्रामागे मी होते, हेही सांगा. आणि आईंच्या नावानं वैशालीला पुन्हा लिहा, की जा. येत्या मंगळवारी बायका परत बसणार आहेत. ती आली की सगळ्या तिच्याकडेच बघतील, मी तीळगुळाचा डबा धरून बाजूला असेन. मला ते सोसणार नाही, मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. पण पुन्हा अशी रिक्षा समोर आली तर काय करायचं ते तिला सुचेल, मला नाही.

आईंच्या पायांना हात लावते.

वैशालीची जाऊ,
रजनी