तिसऱ्या ग्लासातला वास

मंगळवार, १२ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. चिमणीचा खोकला थांबला हे वाचून जिवात जीव आला. आई तशीच आहे. जेवताना अजून दादाचं ताट मांडते, मी मुकाट्यानं उचलून ठेवते.

दादाच्या पश्चात कारखान्यानं देऊ केलेली नोकरी घेऊ का, असं तू विचारलंयस. दोनदा उत्तर लिहायला बसले आणि हवापाण्याच्या गप्पा लिहून उठले. आता लिहूनच टाकते.

तुला देतायत ती जागा बिअर चाखणाऱ्यांच्या टेबलावरची आहे. दूध नासायच्या आत तुझ्या नाकाला कळतं, हे मीच कौतुकानं सगळीकडे सांगत फिरायचे ना! पण ती खुर्ची माझी होती, वहिनी. मला तिथून उठवलंय.

तिथं आमच्यापुढे तीन लाल ग्लास ठेवतात, रंग दिसू नये म्हणून. दोन ग्लासांत एकाच टाकीची बिअर, एकात दुसऱ्या टाकीची. वेगळा ग्लास ओळखायचा, बस्स. दादा ज्या टाकीत वायूनं गुदमरला, ती बरेच महिने बंद होती. मग धुऊनपुसून पुन्हा भरली. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या सकाळी तिसरा ग्लास नाकाशी नेला आणि हात तिथंच थांबला. दादा खांद्याला चोळायचा त्या मलमाचा वास. घामात मिसळलेला, त्याच्या शर्टाला यायचा अगदी तसा. तुला वेगळं सांगायला नको.

"मलमाचा वास येतोय," मी म्हटलं. बाकीच्यांनी हुंगून पाहिलं. कुणालाच काही नाही.

आमचे प्रयोगशाळेचे साहेब भला माणूस. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. अल्कोहोल, वायू, कडवटपणा, सगळं यंत्रांवर तपासलं. सगळं मापात. मग ग्लासांची अदलाबदल करून मला पुन्हा पुन्हा बसवलं. दर वेळी मी त्याच टाकीचा ग्लास पुढे सरकवला.

"यंत्र काही सांगत नाही," शेवटी ते म्हणाले, "आणि तू चुकत नाहीस. मी लिहू काय?"

"काही लिहू नका," मी म्हटलं.

बिअर बाजारात गेली, मी बाटल्यांकडे. आता काचेची जाडी मोजते, झाकण किती जोर लावल्यावर उघडतं ते पाहते, दाब वाढवत नेऊन बाटली कधी फुटते ते बघते. काचेला वास नसतो. बरं चाललंय म्हणायचं.

खरं सांगू? तू त्या खुर्चीत बसावंस असं मला फार वाटत होतं. तुला तो वास आला तर मी वेडी नाही. आणि नाही आला तर? म्हणूनच लिहवत नव्हतं. माझ्या खातरजमेसाठी मी तुला त्या ग्लासापुढे बसवणार होते.

नोकरी नाकारू नकोस. फक्त चाखण्याला नाही म्हण आणि बाटल्यांकडे जागा माग. साहेबांशी मी बोलले आहे, ते हो म्हणालेत. माझ्या शेजारचं टेबल रिकामं आहे.

आणखी एक. काल ती टाकी धुवायला उघडली होती. दादा गेल्यापासून मी त्या बाजूला फिरकले नव्हते, काल गेले. घाबरू नकोस, आत डोकं घातलं नाही. वायू बाहेर काढणारा पंखा चालू होता, धुणारा कामगार वायू मोजायचं यंत्र हातात धरून उभा होता. दादाच्या वेळी यातलं एकही नव्हतं. दाराशी उभी राहून मी हळूच हाक मारली, "दादा." आवाज पोलादात घुमत राहिला. मी कधीच गप्प झाले होते, तरी घुमत होता.

कामगाराचा चेहरा पांढरा पडला. "ताई," तो म्हणाला, "आत कुणी आहे का?"

त्यालाही ऐकू आलं, की माझ्या तोंडाकडे पाहून त्यानं विचारलं, कुणास ठाऊक. मी "नाही" म्हटलं आणि ते "नाही" मला दिवसभरसुद्धा पुरलं नाही.

चिमणीला यातलं काही कळू देऊ नकोस. लवकर ये.

तो नसला तरी तुझीच,
नणंद